घराच्या ड्राइव्हवेवर उभ्या ट्रेलरमधील मैल्याची व्यवस्था: बंद व्हॉल्व्ह आणि भरपूर पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑस्टिनच्या बाहेरच्या वस्तीत तुमचे घर आहे, ड्राइव्हवेवर २८ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर उभा आहे आणि नोव्हेंबरपासून तीन महिने साताऱ्याहून तुमचे आईवडील राहायला येत आहेत. घरात खोल्या कमी असल्यामुळे त्यांची झोपण्याची सोय ट्रेलरमध्ये करायची आहे, आणि रात्री-अपरात्री त्यांना अंगण ओलांडून घरात यावे लागू नये म्हणून ट्रेलरमधले शौचालय रोज वापरात राहणार आहे. त्याचा मैला कुठे आणि कसा सोडायचा, घराच्या ड्रेनेजला पाइप कायमचा जोडून व्हॉल्व्ह उघडाच ठेवला तर चालेल का, आणि वास येऊ नये म्हणून कोणते रसायन घालावे, असे तुम्ही विचारले आहे. गेली सतरा वर्षे मी टेक्ससमध्ये आरव्हीच्या, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांच्या आणि ट्रेलरच्या, दुरुस्तीचे काम करतो आणि त्यातला मोठा भाग याच टाक्यांचा असतो. त्यामुळे सविस्तर लिहितो.

मधल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सर्वांत जास्त नुकसान तिथेच होते. ब्लॅक टँकचा, म्हणजे मैल्याच्या टाकीचा, व्हॉल्व्ह उघडा ठेवू नका. पाइप जोडलेला राहिला तरी चालेल, पण व्हॉल्व्ह बंदच हवा, आणि टाकी साधारण दोन तृतीयांश भरली की मगच तो एका दमात पूर्ण उघडायचा. घरातल्या कमोडची सवय असल्यामुळे आपल्याला वाटते की मैला जसा पडेल तसा वाहून गेलेला बरा. घरात ते होते, कारण तिथे प्रत्येक फ्लशबरोबर पाच-सहा लिटर पाणी उताराच्या अरुंद नळातून जोरात जाते. ट्रेलरमध्ये कमोडच्या खाली नळ नसतो, तर सरळ एक रुंद, चपटी टाकी असते, आणि पायाने दाबायच्या पेडलमधून एका वेळी जेमतेम लिटर-दीड लिटर पाणी येते. व्हॉल्व्ह उघडा असला की हे पाणी आणि लघवी लगेच वाहून जाते आणि घट्ट मैला व कागद जिथे पडला तिथेच बसतो. त्यावर दुसरा थर, तिसरा थर असे करत कमोडच्या भोकाच्या बरोबर खाली एक ढीग उभा राहतो, वाळतो आणि दगडासारखा होतो. टाकीचे सेन्सर अशा वेळी काहीही दाखवतात. एक दिवस पेडल दाबले की खाली काहीच जात नाही, आणि तेव्हा प्रकरण माझ्यासारख्याकडे येते.

हा ढीग मी पहिल्यांदा नीट पाहिला तो एखाद्या गिऱ्हाइकाच्या ट्रेलरमध्ये नव्हे, तर माझ्याच ट्रेलरमध्ये. माझी आई इचलकरंजीहून आली होती आणि तिला मागच्या अंगणातल्या ट्रेलरमध्ये स्वतंत्र राहायला आवडत असे. व्हॉल्व्ह मी बंद ठेवत होतो, त्यात चूक नव्हती. तरीही तिसऱ्या आठवड्यात टाकी रिकामी करताना पाइपला लावलेल्या पारदर्शक कोपरामधून, म्हणजे आतले दिसणाऱ्या वळणाच्या जोडातून, आधी पिवळसर पाणी आले आणि मग धार एकदम बारीक झाली. टाकी निम्मी भरल्याचे पॅनेल सांगत होते, पण बाहेर काही येत नव्हते. पेडल दाबून कमोडच्या भोकातून टॉर्चचा झोत टाकला, तर खाली वारुळासारखा एक उंचवटा दिसला, त्याचे टोक भोकापासून वीतभर अंतरावर आले होते. आईला विचारले तेव्हा उलगडा झाला. चार दिवसांनी एकदा नळाला पाणी येणाऱ्या गावात तिचे आयुष्य गेले होते. पेडल ती जेमतेम टेकवत असे, आणि स्वच्छतेसाठी घेतलेल्या अर्ध्या तांब्यातच सगळे भागवत असे. पाणी वाया घालवायचे नाही हा तिच्यावर आयुष्यभर झालेला संस्कार होता, आणि तो चुकीचा म्हणावा असे मला आजही वाटत नाही. पण ब्लॅक टँकच्या बाबतीत ती काटकसर मैल्याला वाहून नेणारे एकमेव साधन काढून घेते. आपल्याकडून पाहुणे येतात त्या घरांमध्ये तुंबलेल्या टाकीचे कारण बहुतेक वेळा हेच निघाले आहे, म्हणून आईवडील आल्याच्या पहिल्याच दिवशी त्यांच्याशी याविषयी मोकळेपणाने बोला. संकोच वाटेल, पण नंतरच्या प्रसंगापेक्षा तो परवडतो.

त्यांना दाखवायचे ते इतकेच. बहुतेक आरव्ही कमोडमध्ये पेडल अर्धे दाबले, किंवा काही मॉडेलमध्ये वर उचलले, की भोक न उघडता नुसते पाणी भांड्यात येते. बसण्यापूर्वी अशा रीतीने भांडे अर्ध्यापर्यंत भरून घ्यावे. काम झाले की पेडल पूर्ण दाबून दहा अंक मोजेपर्यंत दाबूनच ठेवावे, आणि सोडल्यावर भोकावरच्या रबरी सीलवर दोन बोटे पाणी उभे राहते आहे ना, ते पाहावे. हे पाणी वासाला अडवणारे झाकण असते. ते झिरपून जात असेल तर सील खराब झाले आहे किंवा त्यात कागद अडकला आहे, असे समजावे. आपल्या लोकांच्या पाण्याने धुण्याच्या सवयीचा इथे मोठा फायदा होतो, कारण टाकीत कागद कमी आणि पाणी जास्त जाते, आणि टाकीला नेमके तेच हवे असते. अनेक कमोडना भांडे धुण्यासाठी बाजूला एक छोटा हँड स्प्रे दिलेला असतो. तो नसेल तर बसवून घ्या, वयस्क माणसांना तांब्यापेक्षा तो सोपा पडतो. मात्र स्प्रेचा खटका सोडला तरी पाण्याचा मुख्य कॉक उघडा राहिला तर जोडणीतून गळती होऊ शकते, म्हणून रात्री तो कॉक बंद करण्याची सवय लावा.

कागद वापरायचाच असेल तर तो लवकर विरघळणारा आहे की नाही हे घरीच तपासता येते. बरणीत पाणी घेऊन कागदाचे दोन तुकडे टाका आणि झाकण लावून पाच-दहा वेळा हलवा. चोथा झाला तर कागद योग्य, तुकडे अखंड राहिले तर अयोग्य. ओले वाइप्स, पाकिटावर फ्लश करता येतात असे छापलेले असले तरीही, टाकीत टाकू नयेत, कारण ते विरघळत नाहीत आणि व्हॉल्व्हच्या पात्यात अडकून ते पूर्ण बंद होऊ देत नाहीत. कापूस, सॅनिटरी पॅड, केस, उरलेल्या गोळ्या, चहाचा चोथा, यांपैकी काहीही तिथे जायला नको.

आता हिशेब पाहू. तुमच्या आकाराच्या ट्रेलरमध्ये ब्लॅक टँक साधारण ३० ते ४० गॅलनचा असतो. नेमका आकडा ट्रेलरच्या पुस्तिकेत सापडेल. ४० गॅलन म्हणजे सुमारे १५० लिटर. दोन माणसांनी दिवसाला प्रत्येकी सहा वेळा वापर केला आणि दर वेळी धुण्यासकट दोन लिटर पाणी गेले, तर रोजचे २४ लिटर पाणी होते, आणि इतर भर धरून २८ लिटर धरावे. दोन तृतीयांश टाकी म्हणजे १०० लिटर, ती साडेतीन दिवसांत भरेल. त्यामुळे आठवड्यातून दोनदा, वार ठरवून, टाकी रिकामी करा. सेन्सरवर विसंबू नका, कारण टाकीच्या आतल्या खिळ्यांसारख्या टोकांवर कागद चिकटला की रिकामी टाकीही भरलेली दिसते. वार आणि टॉर्च यांवर मी जास्त भरवसा ठेवतो. आंघोळ आईवडिलांनी घरातच केली, तर ग्रे टँकवरचा, म्हणजे सिंक आणि शॉवरच्या सांडपाण्याच्या टाकीवरचा, ताण कमी होतो. पण ग्रे टँकचाही व्हॉल्व्ह बंदच ठेवावा असे माझे मत आहे, कारण ते साबणाचे पाणी आपल्याला शेवटी पाइप धुवायला लागते, आणि शिवाय उघड्या व्हॉल्व्हमधून ड्रेनेजचा वास आणि बारीक माश्या सिंकपर्यंत येतात.

मैला सोडायचा कुठे, हे तुमच्या घराचे सांडपाणी कुठे जाते त्यावर अवलंबून आहे. घर शहराच्या ड्रेनेज लाइनला जोडलेले असेल तर काम सोपे आहे. घराच्या पायाजवळ किंवा पुढच्या हिरवळीत जमिनीलगत चार इंची पाइपाचे तोंड असते, त्याला आटे असलेले, मध्ये चौकोनी उंचवटा असलेले झाकण असते. त्याला क्लीनआउट म्हणतात. हे झाकण पाना लावून अगदी सावकाश उघडावे, कारण पुढे लाइन तुंबलेली असेल तर पाणी त्यामागे दाबून उभे असते. टेक्ससमध्ये बऱ्याच घरांना अशी दोन तोंडे शेजारी-शेजारी असतात, त्यांपैकी एक घराच्या दिशेने वळते आणि दुसरे रस्त्याच्या दिशेने. आपल्याला रस्त्याच्या दिशेचे हवे. जुना पाण्याचा पाइप हळूच आत सरकवला की तो कोणत्या अंगाला वळतो हे हाताला कळते. तरीही खात्री वाटत नसेल तर प्लंबरला एकदा बोलावून दाखवून घ्या, आणि त्याच वेळी लाइन मोकळी आहे का तेही पाहायला सांगा.

ट्रेलरचा ड्रेन होज तीन इंची असतो आणि क्लीनआउट चार इंची. दोन्हींच्या मध्ये आट्यांचा किंवा घट्ट बसणाऱ्या रबराचा अ‍ॅडॉप्टर लागतो. होजचे टोक भोकात नुसते खुपसून वर वीट ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिल्या दोन सेकंदांत जो धक्का बसतो, त्याने टोक बाहेर उसळते, आणि मग ड्राइव्हवेवर काय पसरते ते लिहायची गरज नाही. उतारही तितकाच महत्त्वाचा असतो. दर फुटाला पाव इंच उतार हवा, म्हणजे क्लीनआउट ४० फूट दूर असेल तर ट्रेलरचे तोंड आणि क्लीनआउट यांच्या उंचीत निदान दहा इंचांचा फरक हवा. होज जमिनीवर सापासारखा वळवळत पडलेला नको. अ‍ॅकॉर्डियनसारखा उघडणारा प्लास्टिकचा आधार मिळतो, एका बाजूला उंच आणि दुसरीकडे उतरता, त्यावर तो सरळ रेषेत ठेवावा. मध्ये झोळ पडला की त्यात मैला साचतो.

क्लीनआउट उंचावर असेल किंवा फार लांब असेल, तर मॅसरेटर पंप घ्यावा. तो ट्रेलरच्या १२ व्होल्टवर चालतो, मैला वाटून पातळ करतो आणि बारीक पाइपातून चढावरही ढकलतो. पंप कोरडा चालवला की खराब होतो आणि एखादा वाइप अडकला तर त्याची पाती थांबतात, पण नीट वापरला तर वर्षानुवर्षे टिकतो. त्याला लावलेला पाइप पुन्हा कधीही बागेसाठी वापरायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा आणि पाइपावर ठळक रंगाची पट्टी मारा.

घराला स्वतःचा सेप्टिक टँक असेल, आणि ऑस्टिनच्या बाहेर ते अगदी शक्य आहे, तर थोडे थांबून विचार करावा लागेल. दोन वयस्क माणसांचा मैला घरातल्या संडासातून गेला काय किंवा ट्रेलरमधून गेला काय, सेप्टिकला एकूण भार तोच पडतो. फरक दोन गोष्टींनी पडतो. पहिली म्हणजे एकदम सोडलेले १०० लिटर पाणी, ज्याने टँकमधला तळाशी बसलेला गाळ ढवळला जाऊन शोषक चरांकडे, म्हणजे टँकमधले पाणी जिथून जमिनीत मुरते त्या चरांकडे, जाऊ शकतो, आणि चर एकदा गाळाने बुजले की दुरुस्ती फार महाग पडते. त्यामुळे सेप्टिकच्या घरात टाकी अधिक वेळा आणि कमी भरलेली असताना रिकामी करावी, आणि त्याच वेळी घरात वॉशिंग मशीन किंवा शॉवर चालू नसावा. मैला नेहमी घर आणि टँक यांच्या मधल्या क्लीनआउटमध्येच सोडायचा. टँकच्या पुढच्या, चरांकडे जाणाऱ्या पाइपात चुकूनही नाही. दुसरी गोष्ट रसायनांची, तिच्याकडे पुढे येतो. टेक्ससमध्ये पुष्कळ घरांना एरोबिक पद्धतीची यंत्रणा असते, जिच्यात पंपाने हवा सोडून जिवाणूंकडून मैला कुजवला जातो आणि शुद्ध केलेले पाणी फवाऱ्यांनी अंगणात शिंपडले जाते. तुमच्याकडे ती असेल तर तिची देखभाल करणाऱ्या माणसाला ट्रेलर जोडण्यापूर्वी विचारा, कारण तिथले जिवाणू मेले तर नीट शुद्ध न झालेले पाणी तुमच्याच हिरवळीवर पडेल.

क्लीनआउट सापडतच नसेल तर चाकांची टाकी, म्हणजे टोट टँक, हा पर्याय आहे. मैला तीत सोडून ती जवळच्या डंप स्टेशनवर, म्हणजे आरव्हीचा मैला सोडण्यासाठी केलेल्या जागी, नेऊन रिकामी करायची. इथे वजनाचा विचार आधी करावा. एक गॅलन पाणी ८.३४ पौंड भरते, म्हणजे १५ गॅलनची टोट सुमारे १२५ पौंड, ५७ किलो. ती एका माणसाला ढकलता येते, पण गाडीत उचलून ठेवता येत नाही. ३० गॅलनची असेल तर ११३ किलो, तिला गाडीच्या मागे बांधून चालण्याच्या वेगाने न्यावे लागते, आणि तेही स्वतःच्या आवारात किंवा आरव्ही पार्कमध्येच शोभते. तीन महिने, आठवड्यातून दोनदा, हे करणे मी तुम्हाला सुचवणार नाही. त्यापेक्षा सेप्टिक उपसणाऱ्यांपैकी काही जण घरी येऊन आरव्हीची टाकीही उपसून नेतात, त्यांच्याशी आठवड्याचा दर ठरवावा. ब्लॅक टँक न वापरता वीस लिटरच्या आसपासची कॅसेट असलेले पोर्टेबल शौचालय ट्रेलरच्या न्हाणीत ठेवून ती कॅसेट रोज सकाळी घरातल्या कमोडमध्ये ओतण्याचा मार्गही आहे. युरोपातल्या गाड्यांमध्ये कॅसेटचाच प्रघात आहे, आणि भारतातल्या कॅम्परव्हॅनमध्येही ती दिसते. मला तो मार्ग वाईट वाटत नाही. फक्त भरलेली कॅसेट रोज कोण उचलणार हे आधी ठरलेले असावे, आणि ते काम वडिलांवर येऊ नये.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. रस्त्याच्या कडेला जी लोखंडी जाळी किंवा पन्हळीसारखे तोंड दिसते, ते ड्रेनेज नसते. ते पावसाच्या पाण्याचे गटार असते, आणि त्यातले पाणी कोणत्याही शुद्धीकरणाशिवाय थेट ओढ्याला जाते. तिथे मैला किंवा ग्रे टँकचे पाणी सोडणे बेकायदा आहे. अंगणात खड्डा करून पुरण्याचीही परवानगी समजू नका. मी ज्या गावचा आहे त्या इचलकरंजीत २०१२ साली पिण्याच्या पाण्यात मैलापाणी मिसळल्याने काविळीची मोठी साथ आली होती, हजारो माणसे आजारी पडली आणि काही दगावली. मैला आणि पिण्याचे पाणी यांच्यात अंतर राखण्याविषयी मी कधीही सवलत देत नाही, त्यामागे ती आठवण आहे.

हेच अंतर तुमच्या ट्रेलरच्या बाजूलाही राखायचे आहे. पिण्याचे पाणी भरायचा पांढरा किंवा निळा पाइप आणि टाकी धुवायचा पाइप हे दोन वेगळे पाइप, वेगळ्या जागी ठेवलेले आणि शक्यतो वेगळ्या नळांना लावलेले असावेत. धुण्याच्या नळाला बॅकफ्लो प्रिव्हेंटर बसवा, म्हणजे दाब अचानक कमी झाला तरी टाकीतले पाणी उलटे घराच्या नळात ओढले जाणार नाही. हे पितळी उपकरण अगदी छोटे आणि स्वस्त असते, तरी दहापैकी सहा-सात घरांत मला ते लावलेले दिसत नाही.

प्रत्यक्ष रिकामी करताना मी जो क्रम पाळतो तो असा. नायट्राइलचे हातमोजे घालून आधी होज ट्रेलरला आणि मग क्लीनआउटला जोडतो, दोन्ही जोड हाताने ओढून पाहतो. ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह एका झटक्यात पूर्ण उघडतो, अर्धवट नाही, कारण पाण्याच्या त्या लोटानेच घट्ट मैला बाहेर ओढला जातो. पारदर्शक कोपराकडे पाहत उभा राहतो. आधी गडद, मग तपकिरी, मग फिक्कट होत धार थांबते, आणि ट्रेलरच्या आतून हवा ओढल्याचा गडगड आवाज येतो. तो आवाज ऐकू आला की टाकी रिकामी झाली. मग व्हॉल्व्ह बंद करून कमोडमधून दोन बादल्या पाणी ओततो आणि पुन्हा सोडतो. ब्लॅक टँक बंद केल्यावरच ग्रे टँक उघडायचा, म्हणजे साबणाचे पाणी होज धुऊन काढते. शेवटी ब्लॅक टँकमध्ये किमान दहा-पंधरा लिटर स्वच्छ पाणी घालून ठेवायचे. ही पायरी लोक सर्वांत जास्त वेळा गाळतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची आहे, कारण पहिला मैला कोरड्या तळावर पडला तर तो तिथे चिकटतो.

ट्रेलरच्या बाजूला ब्लॅक टँक फ्लश असे लिहिलेली पाण्याची जोडणी असेल तर ती आठवड्यातून एकदा वापरा. मात्र त्या वेळी ड्रेनचा व्हॉल्व्ह बंद ठेवून आत जाऊ नका, फोन उचलू नका. टाकी भरली की पाणी कमोडमधून वर येते, नाहीतर छतावरच्या वाऱ्याच्या पाइपातून बाहेर पडते, आणि जोडण्या फुटून ट्रेलरच्या फरशीखालचे इन्सुलेशन भिजले तर तो ट्रेलर वाचवणे कठीण होते. असे दोन ट्रेलर मी उघडून पाहिले आहेत. हे काम करताना हातात घड्याळ आणि मनात दुसरे काही नको.

आता वास आणि रसायने. पाणी भरपूर असेल आणि व्हॉल्व्ह बंद असेल तर वासाचा बराचसा प्रश्न उरतच नाही, कारण पाण्याखाली बुडालेला मैला उघड्यावर सुकणाऱ्या मैल्याइतका वास सोडत नाही. तरीही काही घालायचे असेल तर जिवाणू आणि एन्झाइम असलेले औषध घाला. फॉर्माल्डिहाइड, पॅराफॉर्माल्डिहाइड किंवा ब्रोनोपॉल असलेली जुन्या पद्धतीची निळी औषधे टाळा. ती वास दाबतात ते जिवाणूंना मारून, आणि मैला कुजवण्याचे काम तेच जिवाणू करत असतात. सेप्टिकच्या घरात तर ती पूर्ण वर्ज्य समजा. कॅलिफोर्नियात अशा औषधांच्या विक्रीवर कायद्यानेच बंदी आहे. टाकीत ब्लीच कधीही ओतू नका. लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो, आणि न्हाणीची जागा चार फूट बाय चार फूट असते. ब्लीच बाहेर सांडलेला भाग निर्जंतुक करण्यासाठी ठेवा. आधी मैला उचलून, साबणाने धुऊन, मग गॅलनभर पाण्यात पाऊण वाटीच्या आसपास, म्हणजे सुमारे ८० मिलिलिटर, घरगुती ब्लीच मिसळून ओतावे.

एवढे करूनही आत वास येत असेल तर आधी पंख्याकडे पाहा. न्हाणीच्या छतातला पंखा चालू असताना पेडल दाबले की तो टाकीतली हवा भोकातून वर खेचतो. फ्लश करताना पंखा बंद, झाकण खाली, आणि मग पंखा चालू, असा क्रम आईवडिलांना सांगा. दुसरे म्हणजे न वापरलेल्या शॉवरच्या ड्रेनमधला पाण्याचा सापळा, म्हणजे वास अडवणारे वळणातले पाणी, सुकतो. आंघोळ घरात होणार असल्यामुळे तुमच्याकडे हे नक्की होईल, म्हणून आठवड्यातून एकदा तिथे तांब्याभर पाणी ओता. तिसरे कारण छतावरच्या वाऱ्याच्या पाइपात गांधीलमाश्यांनी घर केले असण्याचे. ते वर चढल्याशिवाय कळत नाही.

ढीग तयार झालाच तर सळई किंवा काठी घालू नका, टाकी प्लास्टिकची असते आणि भोक पडले तर ती बदलावीच लागते. टाकी पाण्याने पूर्ण भरा, जिवाणूंचे औषध घाला, दोन-तीन दिवस ते शौचालय बंद ठेवून पाहुण्यांना घरातले वापरायला सांगा आणि मग रिकामी करा. माझ्या आईच्या वेळी हे तीनदा करावे लागले. तिसऱ्या वेळी कोपरामधून एकदम मोठा लोट आला आणि टॉर्च मारल्यावर टाकीचा पांढरा तळ दिसला. बर्फाचे तुकडे टाकून ट्रेलर फिरवावा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईल. त्याचा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही, पाणी आणि वेळ यांचाच होतो.

तुमचे पाहुणे हिवाळ्यात येत आहेत, म्हणून गोठण्याचाही विचार करा. टेक्ससमध्ये थंडी थोडी असते म्हणून आपण गाफील राहतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये वीज गेली आणि पारा कित्येक दिवस शून्याखाली राहिला, त्यानंतरचा संपूर्ण महिना मी फुटलेले व्हॉल्व्ह बदलत होतो. कडाक्याच्या थंडीचा इशारा मिळाला की आदल्या दिवशी दोन्ही टाक्या रिकाम्या करा, होज काढून झटकून आत ठेवा, ब्लॅक टँकमध्ये आणि ड्रेनच्या सापळ्यांमध्ये आरव्हीसाठीचे गुलाबी, प्रॉपिलीन ग्लायकॉलचे अँटिफ्रीझ घाला, आणि त्या दोन-तीन रात्री आईवडिलांना घरातच झोपवा. मोटारीचे हिरवे अँटिफ्रीझ चालत नाही, ते विषारी असते.

शेवटी परवानगीविषयी, आणि हे खरे तर पाहुण्यांची तिकिटे काढण्यापूर्वी करायचे काम आहे. ड्राइव्हवेवर ट्रेलर किती दिवस उभा ठेवता येतो, त्यात माणसे राहू शकतात का, आणि तो घराच्या ड्रेनेजला जोडता येतो का, हे तिन्ही प्रश्न वेगवेगळे आहेत आणि त्यांची उत्तरे गावागणिक बदलतात. शहराच्या हद्दीत असाल तर नगरपालिकेच्या बांधकाम खात्याला, बाहेर असाल तर काउंटीला विचारा, आणि सेप्टिक असेल तर टीसीईक्यूचे, म्हणजे राज्याच्या पर्यावरण आयोगाचे, नियम त्यांच्यामार्फतच लागू होतात, तेही विचारा. वसाहतीची एचओए, म्हणजे घरमालकांची संघटना, असेल तर तिची नियमावली स्वतः वाचा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. उत्तर ईमेलने मागवा आणि जपून ठेवा. क्लीनआउट कुठे आहे आणि घराला सेप्टिक आहे की शहराची लाइन, हे मला कळवलेत तर होजची लांबी आणि अ‍ॅडॉप्टरचा प्रकार मी नेमका सांगू शकेन. क्लीनआउटचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि ट्रेलरच्या ड्रेनचे तोंड जमिनीपासून किती उंच आहे तेही मोजून पाठवा.